बाहेरची कडी

चावीवाल्याने तिसऱ्या उपनगरातलं हे घरही दारापासूनच पाहायला सुरुवात केली. एजंट आत जाऊन पंखा लावून आला, घरमालकीण बाईंनी पाणी आणून ठेवलं, त्याच्या मुलीने खिडकी उघडून पाहिली. हा अजून उंबऱ्यावरच, चौकटीवरून बोटं फिरवत उभा.

सकाळपासून हेच चाललं होतं. स्टेशनजवळच्या पहिल्या उपनगरात दारादाराला तीन-तीन कुलपं होती, तेव्हा तिथे चोरांचा सुळसुळाट असणार, म्हणून ते बाद. दुसऱ्या, नव्या इमारतींच्या उपनगरात दारांना किल्लीच नव्हती, नुसती आकड्यांची बटणं. ज्याने ती बसवली त्याला आकडे ठाऊक असणारच, म्हणून तेही बाद. एजंट घायकुतीला आला होता. मुलगी मात्र एका शब्दाने वाद घालत नव्हती. सोमवारी तिला चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात हजर व्हायचं होतं, आणि आज जागा ठरली नाही तर बाप संध्याकाळच्या गाडीने आपल्याला परत घेऊन जाणार, हे ती पुरतं ओळखून होती. बापालाही तेच हवं होतं. तसं तो बोलला नव्हता, एवढंच.

हे उपनगर बसच्या शेवटच्या थांब्यापाशी, शांत. कारखाना चालत दहा मिनिटांवर. घरमालकीण निवृत्त शिक्षिका, एकटी, फक्त मागची खोली भाड्याने देणारी. खोट काढायला कुठे जागाच नव्हती, आणि त्यामुळेच त्याचा संशय बळावला.

मग मागच्या खोलीच्या दाराशी त्याची बोटं थबकली. दाराच्या बाहेरच्या अंगाला, छातीच्या उंचीवर, चार भोकं होती. पुट्टी भरून वर रंगाचा हात मारलेला, पण या बोटांना कोण फसवणार? त्याने एजंटला जवळ बोलावलं.

"इथे कडी होती," तो म्हणाला. "बाहेरून."

बाई ओशाळल्या. सासूबाईंना शेवटी शेवटी कशाचंच भान राहिलं नव्हतं, भर दुपारी उठून रस्त्याला लागायच्या, मोटारींच्या मधोमध जाऊन उभ्या राहायच्या, म्हणून नाइलाजाने कडी बसवली, असं त्यांनी सांगितलं. सासूबाई गेल्या त्याच आठवड्यात ती काढून टाकली. चावीवाल्याचा त्यातल्या एका अक्षरावर विश्वास बसला नाही. चाळीस वर्षं लोकांची कुलपं उघडताना त्याने कारणं पुष्कळ ऐकली होती, आणि कडी घालणाऱ्यापाशी कारण नेहमी चांगलंच असतं.

त्याने पिशवी खांद्याला अडकवली. "माणसाला कोंडून ठेवतात त्या घरात माझी मुलगी राहणार नाही."

मुलगी खिडकीपाशी होती. ती वळलीसुद्धा नाही.

"राहिलेय की, बाबा," ती म्हणाली. "दोन वर्षं. यांनी निदान कडी काढली तरी. आपल्या घरी माझ्या खोलीची अजून आहे, तुम्हीच बसवलेली."

एजंटला एकदम कुणाला तरी फोन करायचं आठवलं आणि तो बाहेर सटकला. चावीवाल्याचे कान तापले. कारण त्याच्यापाशीही होतं, ते जिभेवरही आलं. पण समोर बाई उभ्या होत्या, त्यांच्याकडे पाहून त्याने ते गिळलं.

खोली ठरली. बाईंना विचारून त्याने पिशवीतून नवं कुलूप काढलं आणि खोलीच्या दारात बसवलं. काम नेहमीसारखं चोख, एकेका स्क्रूचं डोकं फळीशी सपाट. मुलगी बाईंबरोबर स्वयंपाकघर पाहायला गेली, तेवढ्यात त्याने पिशवीच्या तळाची साबणाची वडी काढली. अशी वडी या धंद्यात सगळ्यांकडे असते आणि कबूल कुणीच करत नाही. त्याने किल्ली तिच्यात दाबली, ठसा नीट उठलाय ना ते पाहिलं, किल्ली सदऱ्याला पुसली. असावी एक किल्ली आपल्यापाशी अडीनडीला, असं त्याने स्वतःला समजावलं. परक्या शहरात पोरीला काही झालं तर दार उघडणार कोण? साबण कागदात गुंडाळून खिशात गेला. मुलगी आली तेव्हा त्याने दोन्ही किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या.

"एवढ्या दोनच," तो म्हणाला.

तिने त्या उलटसुलट करून पाहिल्या. एक नाकाजवळ नेली. पोचलात की फोन करा, एवढंच म्हणाली.

बसथांब्यासमोर हार्डवेअरचं दुकान होतं. बसची वाट पाहत असताना त्याला तिथे मुलगी दिसली. तिचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. दुकानदाराने चार-पाच कुलपं फळीवर मांडली होती. एकेक कानाशी धरून ती किल्ली सावकाश फिरवत होती, दोनदा उजवीकडे, एकदा डावीकडे. ती सात वर्षांची असताना त्यानेच शिकवलं होतं तसं. पहिली दोन तिने बाजूला सारली. त्यानेही तीच सारली असती. त्याला अभिमान वाटला, आणि मग तेच लागलं. मुलीने तिसरं कुलूप घेतलं, जोडीला एक स्क्रू-ड्रायव्हर, आणि ती झपाझप घराकडे निघून गेली.

थांब्यामागे नळ होता. त्याने खिशातला साबण काढला, कागद सोडवला आणि हात धुवायला घेतले. ठशातला किल्लीचा दांडा गेला तरी दात जाईनात. ते जाईपर्यंत तो हात धूत राहिला. दरम्यान दोन बस येऊन गेल्या.