सत्तावीस चेहरे आणि एक ओळ

अयूबभाईनं कॉम्प्युटरच्या पडद्यावर मागणीची ओळ आणखी दोन बोटं खाली सरकवली आणि विचारलं, "आता दिसते का?"

"दिसते ना," नथ्थूभाऊ म्हणाले.

रंभा खुर्ची सोडून पडद्याजवळ गेली. ओळ वाचायला तिला वाकावं लागलं.

तालुक्याच्या सावली गावातल्या या फ्लेक्सच्या दुकानात गावची दोनच माणसं आली होती. बाकीचं गाव नथ्थूभाऊंच्या फोनमध्ये होतं आणि दर पाच मिनिटांनी वाजत होतं. काम तसं लहानच. गावचा तलाव काठोकाठ भरलेला, त्याच्या गेटला खात्याचं कुलूप, आणि खालच्या शेतांतल्या बांध्यांत धान निसवायला आलेलं. कुलूप का, तर गेटची दुरुस्ती मंजूर व्हायची आहे. आठ दिवसांत पाणी सुटलं नाही तर लोंबीत दाणा भरणार नाही, हे तीन अर्जांत लिहून झालं होतं. तिन्हींची पोच मिळाली. पाणी मिळालं नाही. उद्या अकराला मोठे साहेब कुठल्याशा उद्घाटनाला याच रस्त्यानं जाणार होते, आणि ते कुलूप त्यांच्या एका फोननं उघडणारं होतं.

लोकांपर्यंत म्हणणं कसं पोचवावं, हे शिकवायला नागपूरहून नीलिमा मॅडम येऊन गेल्या होत्या. चालत्या गाडीतला माणूस फलकाकडे सात सेकंद पाहतो, त्या सातांत वाचून होईल तेवढंच लिहा, असं त्यांनी बजावलं होतं. दोन दिवस डोकी लढवून गावानं चार शब्द काढले: तलावाचं गेट आजच उघडा. समाजमंदिरात टाळ्या झाल्या. मग टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकानं घरी गेल्यावर नथ्थूभाऊंना एकच गोष्ट विचारली, खाली नावं कोणाकोणाची?

"नावं कायले पायजेत, भाऊ?" रंभा म्हणाली. "साहेबाले नावाचं काय करायचं हाये?"

"साहेबाले नाई, गावाले पायजे. नाव नाई त माणूस येत नाई. माणूस नाई त गाडी काऊन थांबन? चार बाया पाहून ड्रायव्हर हॉर्न वाजवन अन् जाईन."

यात खोटं काही नव्हतं, हीच तर अडचण होती. मागल्या वर्षी सप्ताहाच्या पत्रिकेत एक नाव सुटलं, तर आख्खा एक मोहल्ला जेवायला आला नाही. नथ्थूभाऊंनी तेव्हापासून नावं सोडणं सोडलं होतं.

सत्तावीस नावं झाली. त्यांत धनराज तीन. तिघांचं आडनावही एकच, म्हणून ओळख पटावी यासाठी फोटो. तिघांचा फोटो तर मग बाकीच्यांनी काय घोडं मारलं? फोटो मागवले, तर प्रत्येकानं हाताशी होता तो पाठवला. आधार कार्डाच्या झेरॉक्सवरचा. सत्तावीस काळेपांढरे चेहरे, डोळे ताठ, ओठ मिटलेले. अयूबभाईनं प्रत्येकाला गोल चौकट दिली. फारच सुकं दिसतं म्हणून नथ्थूभाऊंनी भोवती झेंडूची किनार टाकायला लावली.

"भाई, माझा फोटो काढून टाका," रंभा म्हणाली. "तेवढी जागा त्या ओळीले द्या."

अयूबभाईनं तिचा चेहरा काढला. तेवढ्यात फोन वाजला. नथ्थूभाऊ फोनवर बराच वेळ हो-हो म्हणत राहिले. सरपंचांच्या साळ्याचं नाव राहून गेलं होतं. रंभाची मोकळी झालेली जागा त्याला गेली. बेरीज पुन्हा सत्तावीस.

"बाई, मी त काय, सांगाल तसं करून राह्यलो," अयूबभाई तिच्याकडे न पाहता म्हणाला आणि ओळ आणखी एक बोट खाली घेतली.

दुसऱ्या दिवशी नथ्थूभाऊंचा हिशेब तंतोतंत जुळला. सत्तावीसच्या सत्तावीस आले, घरच्यांना घेऊन आले. रस्ता भरला. फलक दोन बांबूंना ताणून बांधला होता, आणि त्याच्यासोबत आपला फोटो निघावा म्हणून पहिल्या फळीतले सगळे त्याला पाठ लावून उभे राहिले. त्यांच्या खांद्यांच्या वर चेहरे आणि झेंडू तेवढे दिसत होते. रंभानं दोघातिघांना दंडाला धरून बाजूला ओढलं. ते सरकले आणि परत जागेवर आले.

गाडी आली. गर्दी पाहून थांबली. काच खाली झाली. सात सेकंद कसले, चांगलं अर्धं मिनिट साहेब फलकाकडे पाहत राहिले. चेहऱ्यांच्या पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत त्यांची नजर सावकाश फिरली. समोर उभी असलेली माणसं आणि वरचे चेहरे यांचा मेळ त्यांना लागला नाही. आधारवरच्या फोटोशी कोणाचाच लागत नाही. त्यांनी काळा चष्मा काढला. दोन्ही हात जोडले.

मग काचेजवळ पोचलेल्या रंभाला त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "अपघात कधी झाला?"

रंभानं एकदा मागं वळून पाहिलं. नथ्थूभाऊ आपल्या फोटोच्या बरोबर खाली उभे होते आणि टोपी नीट करत होते.

"अजून झाला नाई, साहेब," ती म्हणाली. "आठ दिवस हायेत."