रिंगण मिटेपर्यंत

चहाचा कप ठेवता ठेवता सुनेची नजर चित्रावर गेली आणि कप बशीतच कलंडला.

शिंगं असलेला एक भलामोठा निळा लांडगा तिरपा धावत होता. त्याच्या जबड्यात एक मूल होतं. चेहऱ्यावर अजून रंगाचा एकच पातळ हात फिरला होता, पण आईला तेवढा पुरे. कपाळावरची ती न बसणारी बट, पडलेला पुढचा दात. ती तिची चिमणी होती.

"बाबा, ही आपली चिमणी आहे?"

सासऱ्यांनी ब्रश झटकला. "बशी पूस, सूनबाई. कागदावर थेंब नको."

"मी काय विचारतेय?"

ते पुन्हा कागदावर वाकले. जन्मभर त्यांनी लोककथांच्या पुस्तकांसाठी जलरंगात चित्रं काढली होती. आता कुणी मागत नसताना काढत. मधोमध कथेतला एखादा प्राणी आणि त्याच्याभोवती जुन्या शिळांवरच्या खुणांचं रिंगण: डोळा, सूर्य, गोगलगाईसारखं वेटोळं, स्वतःची शेपटी गिळणारा साप. त्यांच्या गुरूंचा एक नियम होता. टोकाला टोक जुळून रिंगण मिटेपर्यंत आणि कागद सुकेपर्यंत चित्रात कोण आहे ते बोलायचं नाही. म्हातारा माणूस एरवी गप्पांना बसला की उठायचं नाव घेत नसे, पण ओल्या चित्राबद्दल तोंडातून ब्र काढत नसे. आणि चित्र सुकल्यावर विचारायचं कुणाला सुचत नसे, कारण तोवर घरात रडारड सुरू झालेली असे.

दोनदा तसं झालं होतं. भावजींना त्यांनी दोन तोंडांच्या गिधाडाच्या चोचीत काढलं आणि त्याच आठवड्यात भावजींच्या कामावरची लिफ्ट कोसळली. आत तिघं होते. भावजी अजून कुबडी घेऊन चालतात. बाकीच्या दोघांच्या घरी जायचा त्यांना अजून धीर होत नाही. मग शेजारच्या काकू. मासोळीच्या शेपटीच्या बाईनं त्यांच्या गळ्यात हात टाकून त्यांना पाण्याखाली ओढलेलं. त्या चित्रानंतर काकूंच्या स्वयंपाकघरात सिलिंडर फुटला. काका जागीच गेले, काकूंचा हात कोपरापर्यंत भाजला.

आणि आता चिमणी.

रात्री जेवताना सुनेनं नवऱ्याला सांगितलं, तर तो हसत सुटला. "बाबांच्या ब्रशात एवढी ताकद असती, तर आमच्या साहेबांचं चित्र मी केव्हाच काढून घेतलं असतं!"

"तुला सगळ्याची मस्करीच सुचते. उद्या ती सहलीला जाणार नाही."

"अगं, सगळा वर्ग जातोय. लाँचमधून त्या बेटावर जायचं म्हणून ती कधीपासून नाचतेय."

"वर्ग जाऊ दे. माझी पोर जाणार नाही."

चिमणीनं ताटावरच भोकाड पसरलं. आईनं ऐकून घेतलं, पण ती काही बधली नाही.

सकाळी सासरे पिशवी घेऊन निघाले. निळा रंग संपला होता आणि रिंगणातला शेवटचा साप तेवढा राहिला होता. "लगेच येतो. माझ्या टेबलाला हात लावू नका," जाताना ते म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो घाईचा होता.

दार लागताच सुनेनं फळीसकट चित्र उचललं आणि स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नळाखाली धरलं. स्पंज हलकेच फिरवला. काही रंग कागदाच्या वरवर बसतात, काही आत मुरतात. चिमणीचा चेहरा पहिल्या पाण्यालाच सुटला. बट गेली, दात गेला, गुलाबी पाणी भोकातून गडप झालं. खुणांचं रिंगणही विरघळलं. लांडगा मात्र हटेना. ती घासघास घासत राहिली, पण तो मुरलेला निळा रंग तसाच राहिला. धावता लांडगा, जबडा रिकामा.

रिकामा तर रिकामा. पोर सुटली होती ना! सुनेचा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"चिमणे, ऊठ! दप्तर नको, टोपी घे. बस चुकेल!"

चिमणी आईच्या गळ्याला अशी लोंबकळली की दोघी पडता पडता वाचल्या. बस कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती खिडकीतून हात हलवत होती.

सासरे धापा टाकत परतले. हातातली निळ्या रंगाची ट्यूब त्यांनी टेबलावर ठेवली, सिंकला टेकवलेली फळी पाहिली आणि ते तिच्यासमोर उभे राहिले. सून भांडायच्या तयारीतच होती.

"पुसलं मी. माझ्या लेकराला त्याच्या तोंडात बघवेना मला. रागवायचं तर रागवा."

"चिमणी कुठंय?"

"सहलीला गेली. आत्ता लाँचमध्ये बसली असेल."

त्यांनी स्टूल ओढून फळी मांडीवर घेतली. ओल्या कागदावरच्या त्या रिकाम्या जबड्यावर बोट टेकवलं.

"आता रिंगणच नाही, तेव्हा बोलायला हरकत नाही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि त्यानंच तिच्या अंगावर काटा आला. "सूनबाई, मी ज्यांना ज्यांना काढलं, त्यांतलं कोण गेलं? एकाचं तरी नाव सांग."

सांगायला तिनं तोंड उघडलं आणि तिला एकही नाव आठवेना.