कपाटातली फुलं

“ते फुगे परत पिशवीत ठेव बघू,” आई म्हणाल्या. “संध्याकाळपर्यंत सगळे माना टाकतील. ही कात्री घे.”

मैत्रीण दारातच थबकली. ती आणि नवरी एकाच चष्म्याच्या दुकानात, एकाच काउंटरवर उभ्या राहायच्या. ओळख काही महिन्यांचीच, पण जीव लागला होता. लग्नाआधी मैत्रिणींना घरी बोलवायचं ठरलं तेव्हा ‘सजावटीचं माझ्याकडे लागलं’ असं तिने मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. आता पलंगाकडे पाहून तिचा तोरा उतरला.

पलंगभर शर्ट पसरले होते. पुरुषांचे, धुतलेले, इस्त्रीचे. निळ्या चौकटींचे, बारीक रेघांचे, पांढरे, आणि एक गुलाबी.

“हे कापायचे?”

“मग काय नुसते बघत बसायचे? कपाट अडवून बसलेत मेले.”

आईंनी निळा शर्ट उचलला. पाठीचा तुकडा टर्रकन फाडला, त्याच्या पट्ट्या केल्या. एक पट्टी बोटाभोवती गुंडाळत, दुमडत, मधेच टाका घालत नेली. शेवटी त्याच शर्टाचं बटण मधोमध बसवलं आणि तळहात पुढे केला. तळहातावर फूल होतं.

मैत्रिणीने ते घेतलं, उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. टाका कुठेच दिसेना.

“कुठे शिकलात हो?”

“पोटाने शिकवलं,” आई हसल्या. “आता ती कॉलर दे.”

कॉलरींच्या चंद्रकोरी झाल्या आणि दोऱ्यात ओवल्या गेल्या. बाह्यांच्या कफांच्या पुरचुंड्या झाल्या. त्यांत पाहुण्यांसाठी चॉकलेटं जायची होती. अंड्यांच्या ट्रेचे खळगे कापून त्यांना कापडाच्या पाकळ्या चिकटवल्या, की छोट्या छोट्या वाट्या तयार. मैत्रिणीला एक फूल जमेपर्यंत आईंची ओंजळ भरायची.

नवरी स्वयंपाकघरात चिकटवायला मैद्याची आणखी खळ शिजवत होती. तिथूनच ओरडली, “आई, तुम्ही जरा पाठ टेका. सकाळपासून बसलाय.”

“पाठ टेकायला अख्खा जन्म पडलाय!”

मैत्रिणीला गंमत वाटली. आईला अहो-जाहो! तिच्या घरी ‘अगं आई’ म्हटल्याशिवाय पान हलत नसे. पण असते एकेका घराची शिस्त.

“शर्ट कुणाचे हे?” तिने विचारलं.

“घरातल्याच माणसाचे.” आईंनी दाताने दोरा तोडला. “टापटीप माणूस. शोधून एक बटण तुटलेलं सापडायचं नाही.”

मैत्रिणीने जीभ चावली. नवरीच्या तोंडी वडिलांचं नाव कधीच का येत नाही, ते आता तिला कळल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात नवरी खळीचं पातेलं घेऊन आली. आईंच्या हातात गुलाबी शर्ट होता. ती जागीच उभी राहिली.

“हा नको.”

“का?”

“हा राहू दे, आई.” तिने पातेलं खाली ठेवलं आणि तिथेच जमिनीवर बसली. “मला नाही जमणार. मी त्यांना फोन करून नाही म्हणून सांगते. तुम्हाला इथे एकटं टाकून मी कुठे जाऊ?”

मैत्रीण उठू लागली. आईंनी तिला हातानेच बसवलं.

“एकटी? शेजारीण दिवसातून दहादा चहाला टपकते. मला एकटं राहू दिलं तर शपथ!”

कुणीच हसलं नाही. मग आई पलंगावरून उतरून नवरीसमोर बसल्या.

“हे बघ, या घरात आपण दोघींनी मिळून रडून घेतलंय. भरपूर. आता एकीने तरी हसायला लागायचं, आणि ती तू आहेस. हा शर्ट तूच काप.”

नवरीने शर्ट नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग डोळे पुसून तिने कात्री चालवली. आईंचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता आणि नजर मात्र त्या कात्रीवर खिळली होती.

संध्याकाळी मैत्रिणी आल्या त्या उंबऱ्यातच अडखळल्या. पोपडे धरलेली भिंत नाहीशी झाली होती. तिच्या जागी निळ्या-पांढऱ्या फुलांचा वेल छतापर्यंत चढला होता. खिडकीत चंद्रकोरी वाऱ्यावर हलत होत्या. वाट्यांमधल्या दिव्यांच्या माळेचा उजेड पाकळ्यांमधून झिरपत होता. एरवी दोन घरं पलीकडे ऐकू जाईल असं बोलणाऱ्या पोरी कुजबुजायला लागल्या. मैत्रीण स्वतः त्यातली फुलं शिवून बसली होती, तरी तिच्या अंगावर काटा आला.

“केवढ्याला पडलं हे सगळं?” कुणीतरी विचारलं.

“दोऱ्याच्या रिळाला,” आई म्हणाल्या.

तेवढ्यात प्रवासाची बॅग घेऊन एक वयस्कर बाई आत आली. तिने भिंतीकडे पाहिलं आणि बॅग हातातून सुटली. पुढे होऊन तिने एका फुलावरून अलगद बोट फिरवलं. मग वळून आईंना कडकडून मिठी मारली.

“विहीणबाई, एवढं काळीज कुठून आणलंत हो?”

“चला, काहीतरीच तुमचं,” म्हणत आई सुटल्या आणि गुलाबी फूल नवरीच्या केसांत खोचायला गेल्या.

मैत्रिणीला बरं वाटलं. सासू चांगली मिळाली म्हणायची! तिने लगबगीने खुर्ची पुढे केली.

“बसा ना. मुलाकडच्यांना उभं ठेवलं तर आमची धडगत नाही.”

बाई डोळे टिपत हसली. “मी मुलाकडची नाही गं. मी हिची आई.”

मैत्रिणीने वळून पाहिलं. समोर नवरीचा चेहरा दोन्ही हातांत धरून, फूल नीट बसलंय ना ते आई निरखत होत्या.

“मग त्या?”

“त्या तिच्या सासूबाई,” बाई म्हणाली. “पहिल्या नवऱ्याच्या आई.”