वारा उठला

वेल्वाच्या किनाऱ्यावर वरची हवा मोजणारं रॉकेट सज्ज होतं. आठवडाभर पिसाटलेला वारा आज पडला होता. उडवायची चावी अन्सेल्मोच्या हातात होती. तेवढ्यात समोरच्या, उड्डाणासाठी बंदी घातलेल्या पाण्यात कोळ्यांच्या होड्या शिरल्या. "हाकल त्यांना! वारा उठला की संपलं सगळं," माद्रिदचे साहेब ओरडले. अन्सेल्मोनं बिनतारी यंत्र उचललं. पलीकडे आईच होती. "कोळ्याचा पोर ना तू? आज आपल्या कोळ्यांच्या कारमेनमातेचा सण, विसरलास? तुझ्या भावाला हार वाहायला आलोय." थोरला लेआंद्रो वादळात गेला, तेव्हा देहसुद्धा सापडला नव्हता. तारीख ठरवताना साहेबांना सण ठाऊक नव्हता; अन्सेल्मोला आठवला नव्हता. त्यानं चावी खिशात टाकली. "सावकाश वाहा, आई." टोपी काढून तो वाळूत जाऊन उभा राहिला. हार पाण्यावर टेकला आणि समुद्रावरून वारा उठला. हार हळूहळू त्याच्याकडे येऊ लागला.