शोध चालू आहे

हरवलेल्या माणसांचा तपास करणाऱ्या कचेरीतल्या कारकूनबाईंनी डेटाबेसमध्ये अशी सोय करून ठेवली, की प्रत्येक फाइलचा अहवाल दर महिन्याला आपोआप तयार होऊन घरच्यांना जावा. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली.

एक दिवस एक म्हातारी काउंटरशी आली.

"लेक म्हणते, माझ्याकडे राहायला ये. पण घर कसं सोडू, ताई? शोध चालू आहे, असं तुम्ही न चुकता कळवता. पोरगा सापडला, तर आधी घरीच येईल ना?"

"येईल, आजी," बाई कशाबशा म्हणाल्या.

 

अहवाल वेळेवर जाऊ लागल्यापासून तक्रारी थांबल्या होत्या, आणि साहेबांनी तपासाची माणसं केव्हाच दुसऱ्या कामाला लावली होती.