नानासाहेबांचं मोठं मन

कार्यक्रम चौथा: शाल. हायस्कूलच्या मुलींना फ्लॅग फुटबॉल शिकवणाऱ्या घरत मॅडमच्या खांद्यावर ती घालताना संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब गहिवरले. तीन वर्षं ते या खेळाला 'पोरींनी एकमेकींच्या कमरेला लावलेल्या चिंध्या ओढणं' म्हणत आले होते. पण गहिवराला असल्या गोष्टी आठवत नाहीत.

कार्यक्रम पाचवा: मानपत्र. 'मॅडममुळे गावातल्या मुलींची लग्नं लवकर उरकली जात नाहीत,' असं त्यात सोनेरी अक्षरांत होतं. टाळ्या चालू असतानाच नानासाहेब मॅडमच्या कानाशी वाकले. "आमच्या तेजलला उद्या पाहुणे बघायला येतायत. उद्यापासून तिचा खेळ बंद. अकरावीपर्यंत शिकली, पुष्कळ झालं."

कार्यक्रम सहावा: सत्कारमूर्तींचे दोन शब्द.

"नानासाहेबांचं मन बघा केवढं मोठं!" मॅडम माईकवर म्हणाल्या. "आत्ताच मला कानात म्हणाले, तेजल पदवीधर होईपर्यंत तिच्या लग्नाचं नाव काढणार नाही."

मांडव दणाणला. पहिल्या रांगेतली तेजल उठून उभी राहिली. नानासाहेबांनी माईककडे हात नेला, समोरची सहाशे माणसं पाहिली आणि तोच हात दुसऱ्या हाताला जोडला.

"साहेब, जरा हसा," फोटोवाला म्हणाला.

साहेब हसले.