टाकीतल्या शिव्या

जावयाने फोनवर पाण्याच्या स्फटिकांचे फोटो दाखवले. गोड बोललं तर पाणी फुलासारखं गोठतं, शिव्या दिल्या तर वेडंवाकडं, असं त्याचं म्हणणं. एकतीस वर्षं पाण्याच्या टाकीवर पंप चालवून निवृत्त झालेले सासरे वेड्यावाकड्या स्फटिकाचा फोटो मोठा करून बघत राहिले.

जावई गेल्यावर ते बायकोला म्हणाले, "घरी कधी वाकडा शब्द काढला नाही मी. साहेबाचा राग, पाठीचं दुखणं, सगळ्याच्या शिव्या टाकीचं झाकण उघडून आत घालून यायचो. अख्ख्या वस्तीला तेच पाजलं की गं."

"वस्तीला काही झालं नाही," ती गुडघा चोळत म्हणाली. "तुम्ही घरी येऊन नुसते गप्प बसायचात. मला वाटायचं, मी आवडत नाही तुम्हाला."